डाव्या हाताची धार

मार्गशीर्ष सरत आला की आधी माझ्या पायांना कळतं. सकाळी हरभऱ्यातून चालत गेलं की घोट्यांना आंब लागते. आंब म्हणजे हरभऱ्याच्या पाल्यावर जमणारं ते खारट-आंबट दव. टाचेला भेग असली तर अशी चुरचुरते की माणूस जागच्या जागी नाचतो. तिकडं ज्वारी पोटरीत आलेली असते, तुरीच्या शेंगा टचटचीत भरलेल्या असतात, बांधावरची बोरं पिवळी व्हायला लागलेली असतात. मग मी मनात म्हणते, आली बाई येळवस.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या धाराशिव-लातूरकडं तिचं कौतुक दिवाळीपेक्षा जास्त. त्या दिवशी गावात माणूस सापडायचं नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, लक्ष्मीला नैवेद्य दाखवायचा, शेताच्या कडेनं ज्वारी-ताकाची आंबट अंबील शिंपायची आणि येईल त्याला बसवून जेवू घालायचं. ओळखीचा असो नाहीतर रस्त्यानं चाललेला असो. बाकी काही कमी-जास्त झालं तर चालतं, पण भज्जी पाहिजे. कांद्याची भजी नव्हेत हो. शेतात, परसात जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात. वांगी, गाजर, मेथी, चुका, कांद्याची पात, वाटाणा, तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, आणि वरून ताक-बेसन. आदल्या दिवशी दुपारपासून घरातल्या सगळ्या बायका सूप आणि परात पुढं घेऊन बसतात. सोलायचं, निसायचं, चिरायचं आणि वर्षभराचं बोलून घ्यायचं.

परवा नातीचा फोन आला. पूजा, आमच्या रेखाची मुलगी. रेखाला भूमला दिलीय, आणि पूजा आता पुण्याला नोकरी करते.

"आजी, येळवसला येतेय मी. रजा टाकलीय."

"ये की. तुझ्या आईला बी घिऊन ये."

"आणि आजी, सुरी बोथट झालीय गं."

"मग लाव की धार. पुण्यात काय कमी हाय व्हय?"

"अगं, खाली धारवाला आला होता. माझ्या मैत्रिणीनं त्याच्याकडं दिलीसुद्धा. तो म्हणाला, ताई, ही एकाच बाजूनं घासलीय, तीपण उलट्या. दोन्हीकडून सरळ करून देतो. मी अशी पळत सुटले जिन्यानं! त्याच्या हातातनं हिसकावूनच घेतली."

"बरं केलंस बाई," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण मनात आलं, त्या धारवाल्यानं दोनच मिनिटं आधी दगड फिरवला असता म्हणजे?

बाजेवर पडल्या पडल्या आमचे हे सगळं ऐकत होते. गाव त्यांना तात्या म्हणतं. मीही इथं तात्याच लिहिते.

"सुरी?" त्यांनी विचारलं.

"व्हय. बोथट झाली म्हणती. घिऊन येणार हाय."

तात्यांनी आपला डावा हात समोर धरला. दोन वर्षांपासून तो हात थरथरतो. चहाची बशी तोंडाला न्यायची तर निम्मा चहा सदऱ्यावर. त्यांनी तो हात जरा वेळ बघितला आणि पांघरुणात घेतला. तेव्हापासून तो हिवाळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. भाद्रपदात तात्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. धाराशिवच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. पाय सुधारला, काठी घेऊन अंगणात फिरायला लागले. बोलणं जरा जड झालं, जिभेवर भाकरीचा तुकडा ठेवून बोलल्यासारखं. पण उजवा हात गेला तो गेलाच. खांद्याला ओलं धोतर अडकवावं तसा लोंबायचा.

तो हात कसला होता म्हणून सांगू! पेरणीला पाभरीच्या चाड्यावर, बी सोडायच्या त्या लाकडी वाटीवर, मूठ धरायची तर गावातली चार घरं तात्यांना बोलवायची. बोटांतून दाणा असा सुटायचा की उगवून आलं म्हणजे कुणी दोरी लावून पेरलंय असं वाटावं. त्या हातानं बैल आवरले, त्याच हातानं दर येळवसला अंबील शिंपली. आणि आता त्या हाताची बोटं मला एकेक करून सरळ करावी लागायची, तेल लावून.

बैलांचं करायला कुणी उरलं नव्हतं. बालाजी, आमचा मुलगा, येरमाळ्याला हायवेवरच्या दुकानात कामाला जायचा, शेताला भाड्याचा ट्रॅक्टर लावला होता. तेव्हा पाखऱ्या आणि चांद्या विकले. ते गेले आणि तात्यांचं होतं-नव्हतं ते बोलणंही त्यांच्यामागून गेलं. दिवाळीत गल्लीतली पोरं तेरखेड्याचे फटाके दारात वाजवत होती, एकेक बार असा की भांडी हलायची. तात्यांनी मान वळवून बघितलं नाही. जेवलाव का, व्हय. दुखतंय का, न्हाय. एवढंच.

आणि मी? मी बडबडी. माझं तोंड सुरूच. खरं सांगते, घरात कुणी बोलेना म्हणून मी भाजीशी भांडायचे. माझे गुडघे गेले होते, डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केलेली. म्हणजे विळी गेली. पन्नास वर्षं विळीवर बसून चिरलं, आता ओट्यापाशी उभं राहून बाजारातल्या प्लास्टिकच्या मुठीच्या सुरीनं चिरायचं. विळीवर कसं, पातं जागच्या जागी, आपण भाजी तिच्याकडं न्यायची. इथं भाजी जागेवर आणि पातं फिरायचं. आणि पातं तरी कसलं, भोपळ्यात घातलं की वाकायचं. रोज सकाळी माझं सुरू. "मेल्या भोपळ्या, तुझ्या मायला तू दगड व्हय? आन ही सुरी हाय का मोराचं पीस?"

एके दिवशी भंगारवाला आला. बालाजीनं रिकाम्या गोठ्यातलं मोडकं लोखंड अंगणात काढून ठेवलं होतं. वखराची पास, म्हणजे त्याचं लांबरुंद पातं, गंजलेला विळा, पत्र्याचे तुकडे, आणि आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूचं, खुरपं. भंगारवाला एकेक वस्तू उचलून गाड्यावर टाकायला लागला. खुरप्याला हात घातला आणि बाजेवरून आवाज आला.

"ते न्हाय."

दोन महिन्यांत एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. भंगारवाला दचकून थांबला.

"तात्या, त्याचं काय करायचं आता?" बालाजी म्हणाला. "निम्मं झिजलंय."

"ठिव. विळा बी. पास बी."

"आवं, पण करणार काय त्याचं?" मी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं.

"सुरी."

"कुणाला?"

"रोज भोपळ्याच्या नावानं कोण वरडतंय?"

बघा म्हणजे! माणूस बोलत नव्हता, पण ऐकत होता. मी पदरानं तोंड पुसायचं निमित्त केलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते स्वतः गोठ्यात गेले. बराच वेळ बाहेर येईनात म्हणून मी डोकावले, तर जुवाजवळ खाली बसलेले. जू म्हणजे दोन्ही बैलांच्या मानेवर असतं ते आडवं लाकूड, आणि प्रत्येक बैलाची मान जिथं बसते तिथं दोन्ही बाजूंनी ज्या काठ्या असतात त्या शिवळा. बाभळीच्या शिवळा, पाखऱ्या-चांद्याच्या मानेनं घासून घासून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. दोन बैलांच्या मिळून चार.

"मुठी," तात्या म्हणाले. "चार मुठी. चार सुऱ्या."

"चार कुणाला?"

डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबत त्यांनी मोजलं. "तुला. रेखाला. सविताला." सविता म्हणजे आमची सून. चौथ्या बोटापाशी थांबले आणि म्हणाले, "पुजीला."

"आवं, दहा वर्षाची हाय ती!"

"मोठी व्हणार न्हाय का?"

असं ते सुरू झालं. येळवसला महिना राहिला होता. रेखा आणि पूजा आदल्या दिवशी येणार, तेव्हा सुऱ्या द्यायच्या असं ठरलं.

खुरपं आणि विळा नुसते कापून घासायचे होते. तात्या म्हणाले, आधीच पाणी देऊन कडक केलेलं लोखंड आहे ते, परत तापवलं की मऊ पडेल. आरीचं काम माझ्याकडं. बांगड्या वर सारून मी आरी चालवायचे आणि तात्या सांगायचे, "घाई नको. भाकरी न्हाय ती करपायला." शेजारच्या बायका बघून हसायच्या. "काकू, या वयात लोहारकी?" मी म्हणायचे, "तुमचं बी काय मोडकं आसंल तर आणा. नवरे सोडून."

पास जाडजूड, ती काही आमच्यानं कापली जाईना. मग एसटीनं दोघं येरमाळ्याला गेलो. लोहारानं ती तापवून तिचे दोन तुकडे केले, ठोकून पातळ केले, पाणी दिलं. चर्रर्र करून वाफ वर आली तसे तात्यांचे डोळे कसे झाले होते म्हणून सांगू, जत्रेत आणलेल्या लेकरासारखे. लोहार म्हणाला, "तात्या, धार बी लावून देऊ का?"

"नगं. धार म्या लावतो."

लोहाराची नजर त्या लोंबत्या हाताकडं गेली. तात्यांनी ते बघितलं. "हा न्हाय," म्हणाले, आणि डावा हात वर केला. "हा."

ओसरीत बाजेपुढं स्टूल, स्टुलावर जुना पाट, पाटावर पातं. आता एका हातानं घासायचं तर पातं सरकणार. मी धरते म्हणाले तर म्हणाले, "तू भाकरी कर." मग त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि एखादा दगड ठेवावा तसा पात्याच्या मागच्या टोकावर ठेवला. पातं हलेना.

"वजन तरी हाय त्याला आजून," म्हणाले आणि हसले. भाद्रपदापासूनचं पहिलं हसू.

त्यानंतर महिनाभर आमच्या घरात एकच आवाज. खर्र… खर्र… खर्र… सकाळी मी भाकरी थापायचे तेव्हा खर्र, दुपारी वाळवण राखत बसायचे तेव्हा खर्र. मधून मधून दगडावर पाण्याचा हबका. ओल्या लोखंडाचा वास ओसरीभर, तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा. पाटावरून काळं पाणी अंगणात ओघळायचं आणि तिथंच सुकून शाईचा डाग पडायचा. अजूनही आमच्या ओसरीच्या पायरीला तो डाग आहे. सविता घासायला निघाली होती, मी घासू दिला नाही.

घासता घासता तात्या बोलायला लागले. आधी लोखंडाबद्दल. मग आईबद्दल. हे खुरपं घेऊन ती दिवसभर कशी पुढं सरकायची, तिच्या मागं उघडी काळी जमीन कशी दिसायची, आणि खुरपं जमिनीत ठेवून ती पाणी प्यायला उठली की कुणीही तिच्या ओळीत बसायचं नाही. माझ्या लग्नाला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेलेली, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. चांगल्या हातांनी काम करत होते तोवर बोलायला वेळच नव्हता मेल्याला.

मुठी बसवायचं काम आम्ही दोघांनी केलं. पात्याचं मागचं टोक चुलीत लाल करायचं आणि शिवळेच्या तुकड्यात दाबायचं. धूर असा निघायचा की डोळ्यांतून पाणी. मग वितळवलेली लाख. गार झाली की मूठ हातात धरून बघायची. बाभळीचं लाकूड, पण हाताला बैलाच्या मानेसारखं लागायचं. कोमट. हे माझ्या मनाचंही असेल.

धार कशी झालीय बघायला तात्यांनी परसातलं एक वांगं तोडून आणलं. मुलाच्या पहिल्या पावलाकडं बघावं तसं आम्ही बघत होतो. डाव्या हातात सुरी घेऊन त्यांनी कापलं. सरळ, पातळ फोड, आरपार उजेड दिसावा अशी. "झालं," म्हणाले. मला काही कापू दिलं नाही. म्हणाले, आता पैली भाजी येळवसची.

आमच्याकडं धारेची वस्तू कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलून घ्यायची. हातोहात दिली की दोघांत भांडण होतं म्हणतात. येळवसच्या आदल्या दिवशी रेखा-पूजा आल्या, तसं तात्यांनी सुपात ज्वारी पसरून तिच्यावर चारही सुऱ्या ठेवल्या आणि सूप सरकवलं. "घ्या." रेखानं आजीच्या खुरप्याची उचलली, सवितानं विळ्याची, पूजानं आणि मी पाशीच्या. मला पुढं कितीदा वाटलं, तात्यांना सुरीच का सुचली? डाव्या हातानं कुणाला काही देणं म्हणजे अपमान असं ते मानायचे. तीन-चार महिने त्यांनी कुणाला काही दिलं नव्हतं, पूजाच्या हातावर साखरसुद्धा ठेवली नव्हती. आणि ही एकच वस्तू अशी, जी देताना कुणी हात बघत नाही. मी विचारलं नाही कधी. काही गोष्टी विचारल्या की लहान होतात.

तर सगळ्या बसल्या चिरायला, मी स्टुलावर. बालाजी शेंगा सोलत होता. तात्या बाजेवर, पण कान इकडं.

रेखानं गाजराच्या दोन चकत्या केल्या, बघितल्या, तिसरी केली. मग म्हणाली, "आई, ही सुरी पळायलीय गं."

"म्हंजी?"

"म्या सरळ धरते, ती तिरकी जाती. बघ, एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ."

सविताचंही तेच. माझंही तेच. वांग्याची फोड अशी, जणू घराचं छप्पर. पूजा तर तात्यांकडं बघून खुदुखुदु हसायला लागली, "आबा, माझं गाजर घसरगुंडी झालं!" आम्ही सगळ्या हसलो. आणि त्या हसण्याच्या भरात बालाजी बोलून गेला.

"तात्या, सुरीला बी लकवा झाला की काय!"

त्याच्या मनात काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण बोलून गेला आणि ओसरीत शेंग फोडल्याचा आवाजही राहिला नाही. तात्या उठले. काठी घेतली. आत जाता जाता म्हणाले, "मोडीत घाला त्या."

सकाळी मी त्यांचा सदरा काढून ठेवला तर म्हणाले, "म्या येत न्हाय."

"आवं, येळवस हाय!"

"अंबील कोण शिपणार? ह्यानं?" त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलला आणि सोडून दिला. तो मांडीवर पडला. "आन डाव्या हातानं लक्षुमीला घालू व्हय? बालाजी शिपंल. म्या घरी बसतो."

बालाजी दारात उभा राहून म्हणाला, "तात्या, चुकलं माझं." तात्यांनी भिंतीकडं तोंड केलं. रेखा बोलली, मी रडले, पूजानं बोट धरून ओढलं. माणूस हलेना. मला आतून कळत होतं, आज हे घरी बसले तर पुढच्या वर्षी बसतील, आणि मग एक दिवस बाजेवरूनही उठायचे नाहीत.

आमची सविता कमी बोलणारी. तात्यांपुढं तर नाहीच. डोक्यावरचा पदर कधी हलला नाही. त्या सकाळी ती स्वयंपाकघरात राहिलेली कोथिंबीर चिरत होती. चुलीवर भज्जी रटरटत होती. एकाएकी तिचा हात थांबला. तिनं सुरी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. कोथिंबीर चिरली. मग एक गाजर घेतलं, चिरलं. चकत्या हातात घेऊन ती सरळ तात्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. मी परातीसकट तिच्यामागं.

"मामा," ती म्हणाली. "सुरी वाकडी न्हाय."

तात्यांनी मान वळवली.

"ती डाव्या हाताची हाय." तिनं चकत्या पुढं केल्या. एकसारख्या, गोल. "तुमी डाव्या हातानं घासलीय, म्हून तिचा उतार त्या अंगाला गेलाय. खुरप्याला आसतो तसा, एका अंगाला. आमी उजव्या हातानं धरायलोत, चूक आमची हाय."

सविता एवढ्यावर थांबली नाही.

"आन मामा, भज्जीतलं समदं त्याच सुऱ्यांनी चिरलंय. नैवेद्य त्याचाच हाय. लक्षुमीला तुमचा डावा हात आदीच पोचलाय. मग अंबिलीलाच काय झालंय?"

तात्यांनी एक चकती उचलली. उजेडात धरली. तोंडात टाकली. कितीतरी वेळ चावत बसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सदरा कुठं ठिवलास?"

त्या दिवशीचं ऊन मला अजून अंगावर आठवतं. शेजाऱ्याच्या टमटममध्ये पातेली मांडीवर घेऊन आम्ही शेतात गेलो. कोपीत पांडवांची पूजा झाली. अंबिलीचं मडकं बालाजीनं डोक्यावर घेतलं आणि तात्या त्याच्या बाजूनं, काठी टाकून, एका हातानं सविताच्या खांद्याला धरून. म्हणजे झालं काय, तोच डावा हात खांद्यावर, तोच शिंपायला. चार पावलं धरून चालायचं, मग सोडून कडुनिंबाचा डहाळा मडक्यात बुडवायचा, शिंपायचं, परत धरायचं. "ओलगेऽ ओलगेऽ" म्हणून आरोळी द्यायची असते. त्यांच्या जड जिभेतून ती काहीतरी भलतीच निघाली. पण शेजारच्या शेतांमधून सगळ्यांनी जोरात आरोळी परत दिली. अंबील कधी ज्वारीवर पडायची, कधी बालाजीच्या तोंडावर. बालाजीनं पुसली नाही.

आणि भज्जी? छपराच्या आकाराची वांगी, घसरगुंडीची गाजरं. जाड बाजू कच्ची, पातळ बाजू विरघळलेली. सगळ्यांनी दोनदा-तीनदा वाढून घेतली.

सुऱ्या बदलायच्या का, असं पुढं एकदा तात्यांनी विचारलं होतं. दुसऱ्या अंगानं घासून देतो म्हणाले. रेखा म्हणाली, "हात लावू नगा." आम्ही सगळ्यांनी मनगट जरा आत वळवून धरायला शिकून घेतलं. महिनाभर त्रास झाला, मग विसरून गेलो. दरवर्षी येळवसला सगळ्या सुऱ्या घरी यायच्या आणि तात्या त्यांना धार लावून द्यायचे. तोच पाट, तेच काळं पाणी. दोन वर्षांपासून हात थरथरायला लागला तशी ती धारही बंद झाली. आमच्या घरच्या सुऱ्या मी तशाच ओढत होते, बोथट तर बोथट. रेखाचंही तेच असणार.

पूजानं फोन ठेवता ठेवता एक सांगितलं होतं, ते मी मागं राखून ठेवलं. ती म्हणाली, "आजी, मधे आम्ही नवी सुरी आणली होती. चांगली, महागाची. पण तिनं माझ्याच्यानं कांदा सरळ कापलाच जात नाही गं. वाकडा जातो."

मी हसले तेव्हा. फोन ठेवल्यावर नाही हसले. बारा वर्षांत त्या पोरीचा हातच तसा वळलाय. तात्यांच्या डाव्या हाताचा उतार तिच्या मनगटात जाऊन बसलाय, आणि ते तिला सरळ वाटतंय. आता कुण्या अनोळखी दगडानं ती सुरी सरळ केली की त्या मनगटाला परत शिकावं लागेल.

आज सकाळी मी पाट काढला. धारेचा दगड पाण्यात भिजत घातला. माझीच सुरी घेतली, पूजाच्या सुरीची जुळी, एका पाशीची. म्हटलं, बिघडली तर माझी बिघडू दे. स्टूल बाजेपुढं मांडलं तसे तात्या उठून बसले.

"काय करायलीस?"

"धार."

"तुला येती व्हय?"

"तुमाला तरी कुठं येत हुती?"

मी सवयीनं उजव्या हातात दगड घेतला. दोन हात मारले तर ते ओरडले, "उलटं! उलटं व्हतंय ते!" मग मी दगड डाव्या हातात घेतला. काय सांगू, आपलाच हात आणि आपलं ऐकत नाही. दगड इकडं, पातं तिकडं. पातं धरावं तर घासता येईना, घासावं तर धरता येईना. सत्तरी उलटलेली बाई मी, पाटीवर पहिल्यांदा अक्षर गिरवणाऱ्या लेकरासारखी घामाघूम झाले. तेव्हा कळलं, तो हिवाळाभर त्यांनी काय केलं होतं.

"थांब," तात्या म्हणाले.

थरथरत्या डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात मनगटाला धरला. पहिल्यांदा सुटला. परत धरला, उचलला आणि माझ्या सुरीच्या मुठीवर आणून ठेवला. तेवढा एकच हात त्यांचा आता थरथरत नाही.

"वजन हाय त्याला," म्हणाले. "घास."

मी घासलं. त्यांचा उजवा आणि माझा डावा. खर्र… खर्र… सविता ओट्यापाशी उभी होती, ती वळून बघत राहिली. भाजी लागायला आली तरी तिचं लक्ष नाही. काळं पाणी पाटावरून ओघळलं आणि पायरीच्या जुन्या डागावर गेलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तात्या म्हणाले, बस.

सवितानं न सांगता गाजर आणून ठेवलं. मी उजव्या हातात सुरी घेतली, मुद्दाम मनगट न वळवता, सरळ धरली. एक चकती कापली. तात्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि दाराच्या उजेडात धरली. हात हलत होता म्हणून चकती हलत होती, तरी दिसलं. एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ.

"बरोबर," तात्या म्हणाले, आणि तोंडात टाकली.